मला आणि मले

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज ओल्या अंबाडीचा असायचा. नाल्यात कुजत घातलेल्या काड्या बाप पहाटे काढून आणायचा आणि दगडावर आपटायचा. सपक्, सपक्. त्या आवाजानं आम्ही उठायचो आणि मागोमाग वास यायचा. कुजक्या अंबाडीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं घेतला त्याच्या नाकातून तो जात नाही. माझ्या तर अजून गेला नाही. जऊळक्याच्या ठेसनाच्या अलीकडं, रुळाच्या खालच्या अंगाला आमचा मांगवाडा होता. दोर वळणं हा धंदा. बैलांची दावी, कासरे, मोटेचे दोर, खाटेची सुतळी, गावाचं बांधायचं-जोडायचं सगळं सामान आमच्या हातचं, आणि आम्ही गावात शिरायचं तर कडेकडेनं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यासाठी मी इथं रडत बसत नाही. मला सांगायचं आहे ते मायचं.

माय हाडाची मोठी, काळी, बोलायला कमी. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. अंबाडीचा बारीक भुसा आणि चुलीचा धूर, दोन्ही त्या डोळ्यानं खाल्लं. दोर वळताना ती पाहायचीच नाही. पीळ कुठं सैल पडला ते तिच्या बोटांनाच कळायचं. सकाळी ज्वारीच्या कण्या, वरून जवसाची चटणी. कधी अंबाडीच्याच पाल्याची आंबट भाजी. ज्या झाडानं हात सोलायचे त्याच झाडानं पोट भरायचं. माझ्या पाठची लेकरं जगली नाहीत, आणि मग उशिरा छबी झाली. छबी बोलायला लागली तसं आमच्या घरात बोलणं आलं. ती बापालाही नावानं हाक मारायची. ‘ए किसन्या, भाकर खा.’ आणि बाप, जो कोणाचं ऐकून घेत नसे, मुकाट्यानं जेवायला बसायचा.

रुळाच्या पलीकडं मिशनचं ठाणं होतं. एक लांब कौलारू खोली, तीच रोजची शाळा आणि तीच रविवारची प्रार्थनेची जागा. मागं काट्याचं कुंपण घातलेली थोडी जमीन, त्यात एक हिवराचं झाड, आणि झाडाखाली ख्रिस्ती लोकांना माती द्यायची जागा. शमुवेल मास्तर तिथले. नगरकडचे. बारीक, उंच, उन्हाळ्यातही कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. बायको इथं आल्यावर वारली. एक मुलगी, राहेल. ती लहानपणापासून आमच्याच मुलखात वाढली, म्हणून बापाशी नगरी बोलायची आणि आमच्याशी आमच्यासारखं. मी त्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो, मग बापानं ओढून दोरावर बसवलं. मला त्याचं काही दुःख झालं नाही. शाळेत ‘मले’ म्हटलं की हातावर पट्टी बसायची. ‘पुस्तकात काय छापलंय? मला. म्हण, मला.’ तेवढं एक मी पक्कं शिकलो, की जीभ घरात एक ठेवायची आणि शाळेत दुसरी.

ती राहेल पुढं माझी बायको झाली. या हिवाळ्यात गेली. आता माझं लिहिलेलं तपासणारं घरात कोणी नाही, तेव्हा चुकलं असेल तर चुकलं.

छबीला थंडीत डबा झाला, लेकरांच्या छातीचं दुखणं. छाती भात्यासारखी खालीवर, नाकपुड्या फुललेल्या, लेकरू रडायचंसुद्धा विसरलं. भगत झाला, बिब्ब्याचा डाग झाला, मरीमायपुढं नारळ झाला. शेवटी मायनं तिला पदरात गुंडाळलं आणि रूळ ओलांडून सरळ मास्तरच्या दारात नेऊन ठेवलं. मास्तरनं बाटलीतलं औषध पाजलं, राहेलनं वीट तापवून छाती शेकली. दुपारी मास्तर मायला म्हणाले, “आई, ही राहत नाही. तुमची हरकत नसेल तर हिला देवाच्या हवाली करतो. बाप्तिस्म्याचं पाणी देतो.” मायला त्यातलं काय कळलं कोण जाणे. ती म्हणाली, “जे द्याचं ते द्या, पण एकटी नका जाऊ देऊ तिले.” मास्तरनं कपाळावर पाणी लावलं, प्रार्थना म्हटली, आणि दिवस बुडायच्या आत छबी गेली. बाप्तिस्मा झाला म्हणून तिला मिशनच्या जागेत, हिवराखाली माती दिली. बाप आत आला नाही. कुंपणाबाहेर उभा राहिला आणि तिथूनच ओरडून विचारलं, “डोकं कोनीकडं केलं तिचं?”

त्यानंतर माय सांजच्याला दोर टाकून त्या कुंपणाशी जाऊन उभी राहायला लागली. एक दिवस तिनं मास्तरला विचारलं, “मास्तर, तिच्या बाजूची जागा मले भेटन का?”

“आई, ही जागा बाप्तिस्मा घेतलेल्यांची आहे.”

“मंग द्या मलेबी पाणी. तिले दिलं तसं.”

“ती मरणाच्या दारात होती. धडधाकट मोठ्या माणसाला असं देता येत नाही. आधी पुस्तक वाचता आलं पाहिजे.”

छबी गेल्यावर माय पहिल्यांदा हसली ती या बोलण्यावर. “मांगाच्या बाईले वाचाले लावता?”

मास्तर हसले नाहीत. पूर्वीच्या दुष्काळात मिशननं धान्य वाटलं होतं, तेव्हा गावोगावच्या लोकांनी रांगेनं पाणी घेतलं, आणि पीक आल्यावर तितक्याच रांगेनं मरीमायकडं परत गेले. तेव्हापासून मिशनच्या गोऱ्या साहेबानं ठरवून टाकलं होतं की जो स्वतः शुभवर्तमान वाचून दाखवील त्यालाच बाप्तिस्मा. मास्तरचाही या नियमावर जीव होता. ते मायला म्हणाले, “दुसऱ्यानं सांगितलेला देव दुसऱ्याचाच राहतो, आई. स्वतः वाचा, मग तो तुमचा.” आज विचार करतो तर वाटतं, बोलणं वाईट नव्हतं. देवाचं पुस्तक तुम्ही हातात धरा, असं आम्हाला त्याआधी कोणी म्हटलं होतं? गावच्या देवळाची पायरीसुद्धा आमची नव्हती. हा माणूस म्हणत होता, या, बसा, धरा, वाचा. फक्त दाराशी त्यानं अक्षरांची चौकी बसवली होती.

माय पाटी घेऊन रूळ ओलांडायला लागली तसा गावाला फुकटचा तमाशा मिळाला. “काहून वं बुधे, आता पोथी सांगतं का आमाले?” “बुधाबाई, माह्या जमिनीचा कागद वाचून देजो वं!” आमच्याकडं वाचणारी बाई म्हणजे किरिस्ताव, दुसरा अर्थच नव्हता. बाप्तिस्म्याच्या पाण्याचं नंतर, पाटी हातात दिसली की बाटली. आमच्याच वाड्यातल्या बायांनी पाणवठ्यावर तिच्या घागरीला घागर लागू देणं बंद केलं. मांगानं मांगाला शिवू नये, इथवर गोष्ट आली. बाप जेवताना कुरकुरायचा, “पोरगी गेली तिकडं, आता बायको चालली. मी काय येसूसंगं दोर वळू?”

“वळा की,” माय म्हणाली. “सुतार होता म्हणे थो. हातानं कमावून खाणारा.”

बापानं घास उचलला. “सुतार आपल्या हातचं पाणी पेत नाही,” एवढंच म्हणाला आणि घास गिळला.

तिला शिकवायची राहेल. राहेल तेव्हा माझ्याच वयाची, सोळा-सतराची. मायच्या एका डोळ्याला पाटीवरची बारीक रेघ दिसेना. तेव्हा मायनंच उपाय काढला. ओली सुतळी घेऊन तिनं आमच्या अंगणात सारवलेल्या भुईवर राहेलनं काढलं होतं तसं अक्षर मांडलं, आणि त्यावरून बोट फिरवलं. म कुठं वळतो, भ ला गाठ कुठं बसते, थ चं पोट कुठं सुटतं, हे तिच्या बोटाला एका फेरीत समजायचं. दोर वळता वळता मध्येच उठून ती एखादं अक्षर मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. राहेल म्हणायची, “मावशी, तुमच्या क्ष ची गाठ मलेच सुटत नाही,” आणि दोघी हसायच्या. शेजारी बसून मी सुतळी ओढत असायचो. माझं राहेलकडं पाहणं तिथंच सुरू झालं. ते जाऊ द्या.

पावसाळा सरला, ज्वारी निसवली, आणि मायनं पुस्तक हातात घेतलं. मोठ्या टायपाचं होतं. वाचायची ती जात्यात दाणे टाकल्यासारखी, मूठ मूठ, थांबून थांबून. पण न समजलेला शब्द ती पुढं जाऊ देत नसे. मी तिसरी झालेला, मी धडाधडा वाचायचो आणि काय वाचलं असं विचारलं तर तोंड उघडायची पंचाईत. माय ओळीपाशी बसून राहायची. एका मेलेल्या पोरीच्या घरी तो जातो, रडणाऱ्यांना बाहेर काढतो, तिचा हात धरून ऊठ म्हणतो, ती गोष्ट तिनं स्वतः शोधून वाचली. वाचून झाल्यावर तिनं बोट ओळीवर तसंच ठेवलं. मग म्हणाली, “उठवलं तं उठवलं, मंग म्हणे तिले खायाले द्या. पोट्टी उपाशी असन हे त्याले समजलं वं राहेल. हे तं बाईच्याच ध्यानात येते.” राहेलनं ते बापाला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मास्तरनं तेच प्रवचनात सांगितलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही.

आता मुख्य सांगतो. मायचं बोट पुस्तकातल्या ‘त्याला’वर असायचं आणि तोंडातून ‘त्याले’ निघायचं. बोट ‘आम्ही’वर आणि तोंडात ‘आमी’. राहेल टोकायची, “मावशी, त्याला आहे तिथं.”

“तेच तं म्हणून राह्यली मी. त्याले.”

राहेल हसून सोडून द्यायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शब्द आमच्या घरात आला तर आमच्यासारखाच बोलणार. मायनं तो ओळखला म्हणूनच ती त्याला आपल्या तोंडानं बोलायची. आंधळेपणानं वाचणाराच छापल्याबरहुकूम वाचतो. पण हे मी आज लिहितो आहे. तेव्हा एवढी अक्कल कोणाला होती?

साहेब थंडीत यायचा. वाशीमला तेव्हा बाशीम म्हणत, तिथून बैलांच्या दमणीत बसून. लाल, थकलेला, वाईट नसलेला माणूस. त्याचं मराठी शुद्ध होतं, पुस्तकातून शिकलेलं आणि पुस्तकासारखंच. परीक्षेच्या दिवशी माय धुतलेलं लुगडं नेसली. बाप रुळापर्यंत पोचवायला आला. “नापास झाली तं घरी येजो,” म्हणाला, “अन् पास झाली तरी येजो.” आम्ही खोलीत गेलो. एका टेबलामागं साहेब, बाजूला मास्तर, दोघांच्या हातात एकेक पुस्तक. राहेल आतल्या दाराशी उभी. मी भिंतीला टेकून बसलो.

साहेबानं स्वतःच्या मनानं पान उघडलं. होडीत वादळ सापडतं, गुरू झोपलेला असतो, चेले घाबरतात, ती गोष्ट निघाली. मायनं पुस्तक डाव्या डोळ्याजवळ धरलं, बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीत ‘त्याला’ होतं, ती ‘त्याले’ म्हणाली. साहेबानं वर पाहिलं. पुढं ‘आम्ही’ होतं, ती ‘आमी’ म्हणाली. साहेबानं मास्तरकडं पाहिलं. मास्तरचं बोट ओळीवर होतं, त्यांनी नाही अशी मान हलवली. मग जागा झालेला गुरू चेल्यांना घाबरण्याचं कारण विचारतो तिथं ‘का’ असा शब्द आला. मायचा आवाज चढला, कारण ती आता त्या होडीत होती, आणि तिनं मोठ्यानं विचारलं, “काहून?”

साहेबानं पुस्तक मिटलं.

“बाई, हे शब्द येथे नाहीत. तू वाचत नाहीस. कोणी सांगितलेली गोष्ट तू मुखपाठ म्हणत आहेस.”

“नाही जी, वाचून राह्यली मी. हे पाहा, हे बोट.”

“बोट ठेवणे म्हणजे वाचणे नव्हे. देवाच्या पुस्तकापुढे कपट करू नये.”

कपट हा शब्द मायला ठाऊक नव्हता. तिनं मास्तरकडं पाहिलं. मास्तर हळू म्हणाले, “खोटेपणा, आई.”

दारातून राहेल ओरडली, “बाबा, ती वाचतेच आहे! तिच्या बोलण्यात तसंच...”

“राहेल, आत जा.”

मास्तरला खरोखरच तसं वाटत होतं. ते नगरचे. मुलांच्या तोंडचं ‘मले’ ही त्यांच्या लेखी खोड होती, पट्टीनं जाणारी. छापलेलं ‘मला’ डोळ्यांनी पाहून माणूस ‘मले’ म्हणेल, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मायच्या मागून मानोऱ्याकडचा एक जण उठला, आगगाडीसारखा वाचून गेला, पास झाला. मायला साहेब म्हणाला, पुढील हिवाळ्यात पुन्हा ये.

घरी येऊन माय चुलीपुढं बसली. बापानं विचारलं नाही. तिनंच सांगितलं. “खोटी म्हणे मी.”

“कोण म्हणे?”

“साहेब.”

“त्याले कोणं सांगतलं?”

“पुस्तकानं,” माय म्हणाली, आणि तवा ठेवला.

राहेल दुसऱ्याच दिवशी आली. “मावशी, फक्त मला म्हणा. त्याला म्हणा. तेवढंच.” मायनं प्रयत्न केला, केला नाही असं नाही. जीभ वळायची, पण वळवण्यात सगळा जीव जायचा आणि ओळीचा अर्थ हातून सुटायचा. एकदा तिनं पुस्तक मिटून खाली ठेवलं. “मला म्हटलं का दुसऱ्याच कोणाची गोष्ट वाटते वं. मले म्हटलं का माही.” तरी ती बसत राहिली. पुढच्या थंडीपर्यंत जीभ मोडून घेऊ, म्हणायची. सांजच्याला कुंपणाशी जाणं मात्र तिनं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, “कोन्या तोंडानं जाऊ? तिच्या मायले खोटी म्हटलं त्या घरात.”

थंडी तिच्या वाट्याला आली नाही. आखाडात पटकी आली. वरच्या वाड्यातून सुरू झाली आणि नाल्याच्या पाण्यासंगं खाली उतरली. मायला पहाटे ढाळ लागले आणि सकाळपर्यंत तिचं तोंड ओळखू येईना. डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. मी रूळ ओलांडून धावत मास्तरकडं गेलो. ते ताबडतोब निघाले. कोट घातला, वाटी घेतली, पुस्तक घेतलं. राहेल नको म्हटलं तरी मागोमाग आली. मांगवाड्यात, पटकीच्या घरात, तो माणूस वाकून शिरला आणि मायच्या उशाशी भुईवर बसला. हे मी विसरत नाही.

“आई, आता वाचायचं काही नाही. आजारात तो नियम नाही. तुम्ही फक्त हो म्हणा. मी पाणी देतो. छबीशेजारी जागा देतो, माझा शब्द.”

मायनं डोळे उघडले. “आधी सांगा. त्या रोजी मी वाचत होती का खोटं बोलत होती?”

“ते आता कशाला, आई?”

“सांगा.”

“देव जाणतो.”

“देवाले ठाऊकच हाय. त्याले नाही विचारून राह्यली मी. तुमाले विचारून राह्यली.”

राहेल दारातून म्हणाली, “बाबा, म्हणा ना. वाचत होती म्हणा.” मास्तरनं वाटी दोन्ही हातांनी धरली. ते म्हणाले, “माझं बोट ओळीवर होतं, आई. शब्द जुळत नव्हते. हे पाणी हातात धरून मी खोटं बोलू शकत नाही.”

“मंग खोटीले कायले देता?”

मी तिचे पाय धरले. “माय, हो म्हण. छबीसाठी म्हण.”

“छबीजवळ खोटी होऊन जाऊ?” असं म्हणून तिनं भिंतीकडं तोंड केलं. पुढं तिनं फक्त पाणी मागितलं, प्यायचं, ते मी दिलं. बापानं मास्तरच्या खांद्याला हात लावला. त्याआधी त्यानं कधी त्यांना शिवलं नव्हतं. “जा आता मास्तर. लेकराले घेऊन जा. पटकीचं घर हाय.” ऊन चढायच्या आत माय गेली. बापानं नाल्याच्या वरच्या काठावर खड्डा खणला. उचलायला चौघं मिळाले नाहीत, पटकीच्या भीतीनं की पाटीच्या, ते मी कोणाला विचारलं नाही. बाप आणि मी, दोघांनीच नेली.

मी पुढं बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले, आईची इच्छा पुरी केली. कशाची इच्छा, राहेलसाठी घेतला. तोच साहेब, तेच टेबल. माझ्यासाठी जे पान निघालं ते मी घडाघडा वाचलं, ‘मला’ला मला आणि ‘त्याला’ला त्याला. साहेब म्हणाला, उत्तम. अर्थ विचारला नाही, आणि विचारला असता तर मला सांगता आला नसता. मला शिमोन असं नाव मिळालं, ते मिशनच्या लोकांशिवाय कोणी घेतलं नाही. विश्वास मला आला का? आला असेल, थोडा, उशिरा, राहेल घरात रोज वाचायची त्यातून. राहेल शाळेत शिकवायची, पण ‘मले’ म्हणणाऱ्या पोरावर तिनं कधी पट्टी उचलली नाही.

मास्तर म्हातारपणी आमच्याकडंच असायचे. एका दुपारी आमचा थोरला ओट्यावर पहिलं पुस्तक वाचत होता आणि मास्तर शेजारी खाटेवर पडले होते. पोरानं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “आईने मले...” मास्तर उठून बसले. “काय वाचलंस?” “आईने मले.” “बोट कुठं आहे?” पोरानं दाखवलं. बोट बरोबर ‘मला’वर होतं. “पुढं वाच.” पुढं ‘त्याला’ होतं. “त्याले,” पोरगं म्हणालं, मजेत, खडखडीत. मास्तरनं आपलं बोट पोराच्या बोटाशेजारी ठेवलं. मग मला म्हणाले, “जावईबापू, तुमच्या आईला माती दिली ती जागा मला दाखवाल?”

मी त्यांना घेऊन गेलो. दाखवायला काही नव्हतं. मागच्या पुरात नाल्यानं तो काठच नेला होता. खाली दगड आणि गढूळ पाणी. मास्तर काठी टेकून उभे राहिले. त्यांनी प्रार्थना केली नाही. “मी साहेबांना कळवलं असतं,” म्हणाले, “पण ते त्यांच्या देशात जाऊन वारले.” परत येताना रुळापाशी मला म्हणाले, “खोटेपणा हा शब्द मी सांगितला तिला. साहेबांनी नाही.” ‘जाऊ द्या’ म्हणायला हवं होतं असं राहेल मला नंतर म्हणाली. मला ते म्हणता आलं नाही, आणि आजही येणार नाही. ते त्यानंतर फार जगले नाहीत. त्यांनाही हिवराखालीच माती दिली, त्यांच्या बायकोजवळ.

या हिवाळ्यात राहेललाही तिथंच, तिच्या आईबापाशेजारी ठेवलं. घर आता असं झालं आहे की चुलीवर भांडं आपटलं तरी मी मागं वळून पाहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ख्रिस्ती मंडळीतला एक तरुण पंच आला. चांगला पोरगा आहे, शिकलेला. म्हणाला, “काका, काकूंच्या शेजारची जागा तुमच्यासाठी राखून ठेवतो.”

मी म्हटलं, “नको.”

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

“ऐकलं मी. झाडाच्या पलीकडच्या अंगाला माझी बहीण आहे. तिच्या बाजूची दे.”

“तिकडं तर काहीच दिसत नाही, काका.”

“लहान होती. माती थोडीच लागली.”

“पण काकू एकट्या पडतील.”

राहेलजवळ पडावं असं मला वाटत नाही असं नाही. दुसरं काही वाटतच नाही मला. पण राहेलला तिथं तिचा बाप आहे, आई आहे. छबीजवळ आमच्या घरचं अजून कोणीच पोचलं नाही.